जुन्या गिलाव्याच्या भिंतीवर रंग एकसारखा कसा बसवायचा, पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

आमचं घर नाशिकला पंचवटीत आहे. पुढच्या दोन खोल्या मूळ वाड्यातल्या, वीटकाम आणि चुन्याचा गिलावा, आणि मागची खोली अन् स्वयंपाकघर सासऱ्यांनी नंतर सिमेंटमध्ये वाढवून घेतलेलं. पाच वर्षांपूर्वी दिवाळीला आठ दिवस राहिले असताना आम्ही एका पेंटरला काम दिलं, त्याने तीन दिवसांत सगळं घर उरकलं, दिवसा बघायला छान वाटत होतं. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी भिंतीवरचा दिवा लावला तर जिथे जिथे भोकं बुजवली होती तिथे तिथे तळहाताएवढे मळकट डाग दिसायला लागले. पुढच्या पावसाळ्यात तर पुढच्या खोलीत पोपडे सुटले, हात लावला की पापडासारखे तुकडे खाली.

मग दोन वर्षांपूर्वी मी आणि माझ्या दिराने ते सगळं खरवडून काढून परत केलं, डिसेंबर-जानेवारीत, सुट्टीच्या दिवसांत एकेक खोली करत. अजून भिंती एकसारख्या आहेत. ओळखीतले बरेच जण विचारतात म्हणून सगळं एका ठिकाणी लिहितेय.

एक गोष्ट आधी डोक्यात बसवा, म्हणजे पुढच्या सगळ्या पायऱ्या का करायच्या ते कळेल. रंगाचे पॅच दिसतात ते बहुतेक वेळा रंग वाईट म्हणून नाही, तर भिंत सगळीकडे सारखं पाणी पीत नाही म्हणून. ताजी पुट्टी (भिंत गुळगुळीत करायला लावतात ते लुकण) असते तिथे रंगातलं पाणी झटकन शोषलं जातं आणि रंग कोरडा, मेलेला दिसतो. जुना ऑइल पेंट राहिलेला असतो तिथे भिंत काहीच पीत नाही, रंग वरच्या वर राहतो आणि चमकतो. डबा एकच, भिंत एकच, पण दिसायला दोन रंग. म्हणून खरं काम आहे ते भिंतीला सगळीकडे सारखी तहान असेल असं करणं.

१. भिंत कशाची आहे ते आधी ओळखा

नाशकात जुन्या घरात एकाच छपराखाली तीन प्रकारच्या भिंती सापडतात, त्यामुळे एका खोलीवरून दुसरीचा अंदाज बांधू नका. कपाटामागे कुठेतरी स्क्रूड्रायव्हरने थोडं उकरून बघा. करडं आणि कडक निघालं तर सिमेंट. पांढरट, मऊ, बोटांत चुरता येतं ते चुन्याचं. तपकिरी आणि आत भुसा किंवा काड्या दिसल्या तर माती.

मग या चार तपासण्या, अर्ध्या तासात होतात:

- तळहात भिंतीवर जोरात घासा. हात पांढरा झाला तर वर जुनी सफेदी किंवा सुकं डिस्टेंपर (पाण्यात कालवून लावायचा खडूसारखा स्वस्त रंग) आहे, ते काढल्याशिवाय वर काहीच टिकणार नाही.
- चिकटपट्टी घट्ट दाबून चिकटवा आणि एका झटक्यात ओढा. पट्टीबरोबर रंग आला तर तो थर सुटलेला आहे.
- हाताने पाणी शिंपडा. लगेच गायब झालं तर भिंत फार तहानलेली, थेंब ओघळून खाली आले तर भिंत पीतच नाहीये. हे एकाच भिंतीवर पाच-सहा जागी करा, फरक बघून तुम्हालाच कळेल की मी वर काय म्हणत होते.
- बोटाच्या पेराने ठोकत जा. जिथे बद्द, पोकळ आवाज येईल तिथे खडूने गोल करून ठेवा.

आता सगळ्यात मोठा धोका सांगते, आमची पुढची खोली यातच गेली. चुन्याच्या किंवा मातीच्या भिंतीवर सिमेंटची पुट्टी आणि वर प्लास्टिक पेंट लावू नका. चुना मऊ आणि श्वास घेणारा असतो, जमिनीतली आणि पावसाची ओल त्यातून हळूहळू बाहेर जाते. वर कडक, बंद थर बसला की ओल आतच अडकते आणि एक दिवस तो थर ढकलून बाहेर काढते. अशी भिंत असेल तर दुरुस्ती चुन्यानेच करायची आणि वर चुन्याचेच हात द्यायचे. दुकानात बहुतेक जण तुम्हाला "ताई, पुट्टी मारा, गुळगुळीत होईल" असंच सांगतील. गुळगुळीत होते हे खरं आहे, पण आमच्याकडे ती एक पावसाळा टिकली.

चुन्याचा हात द्यायची पद्धत थोडक्यात: चुना विझवलेला, मुरवलेला आणि कपड्यातून गाळलेला हवा, दुधापेक्षा जरासा पातळ, त्यात भिजवलेल्या डिंकाचं पाणी. भिंत आधी पाण्याने ओलसर करायची आणि पातळ तीन-चार हात द्यायचे, प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावर पुढचा. पहिला हात लावल्यावर भिंत पारदर्शक दिसते आणि नवीन माणूस घाबरून जाड थर मारतो, तसं करू नका, चुना वाळता वाळता पांढरा होतो. पांढऱ्यासाठी थोडी नीळ, रंग हवा असेल तर गेरू किंवा पिवडी. कळीचा चुना घरी विझवणार असाल तर तो पाण्यात उकळ्या फुटल्यासारखा तापतो, तेव्हा लहान मुलं लांब आणि डोळ्यांना गॉगल पाहिजेच. चुन्याच्या भिंतीवर थोडी ढगाळ छटा राहते, ती त्या पद्धतीचीच आहे, मला तर आता तीच आवडते. पण एक भिंत एकाच माणसाने एका बैठकीत संपवायची, नाहीतर जोड दिसतो.

यापुढचं सगळं मुख्यतः सिमेंटच्या जुन्या भिंतीसाठी आहे.

२. ओल गेल्याशिवाय डबा उघडू नका

साधारण फूटभर बाय फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून भिंतीला चिकटवा आणि २४ तास ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतून येतेय. खोलीकडच्या बाजूला जमले तर ती हवेतली ओल, म्हणजे खिडक्या उघड्या ठेवून बरीचशी जाईल.

भिंतीतली ओल असेल तर आधी ती कुठून येतेय ते शोधा. गच्चीची भेग, बाथरूममागची पाइप, बाहेरच्या बाजूला साठणारं पाणी. जुन्या तळमजल्यांना जोत्यात ओल अडवणारा थरच नसतो, त्यामुळे जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत भिंत कायम काळपट राहते, आणि गोदाकाठच्या घरांना तर हे सांगायलाच नको. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पुराचं पाणी लागतं त्या वर्षी आमच्या गल्लीतल्या खालच्या भिंती महिनोन् महिने सुकत नाहीत.

भिंतीवर पांढरं पिठासारखं काही येत असेल तर तो लोणा, म्हणजे आतलं मीठ ओलीबरोबर बाहेर आलेलं. तो पाण्याने धुवायचा नाही, मीठ विरघळून परत आत जातं. कोरड्या ब्रशने झाडायचा, गोळा करून टाकून द्यायचा, आठवड्याने परत बघायचं. परत आला तर ओल चालूच आहे, अजून थांबा. लोणा आलेल्या भिंतीवर लावलेला कुठलाच रंग टिकत नाही, कितीही महागाचा आणा.

कधी करायचं? माझं स्पष्ट मत आहे की दिवाळीचा मोह सोडा. पावसाळ्याची ओल भिंतीतून पुरती गेलेली नसते आणि त्या वेळी पेंटर लोक चार घरं एकदम घेऊन बसलेले असतात. नाशिकला नोव्हेंबरचा शेवट ते मार्च हा काळ उत्तम. फक्त डिसेंबर-जानेवारीत सकाळी थंडी फार असते, पारा १० च्या खाली जातो तेव्हा रंग नीट जमत नाही, म्हणून अकरा वाजता सुरू करून चार-साडेचारला थांबायचं. एप्रिल-मेमध्ये उलट त्रास, रोलर फिरवेपर्यंत रंग वाळतो.

३. सामान

आधी खोलीचं माप काढा. १० बाय १२ ची खोली, उंची १० फूट असेल तर चार भिंतींची बेरीज ४४ फूट, गुणिले १० म्हणजे ४४० चौरस फूट. त्यातून एक दार आणि दोन खिडक्या वजा केल्या तर ३८५ च्या आसपास. डब्यावर लिहिलेलं कव्हरेज गुळगुळीत भिंतीचं असतं, जुनी भिंत जास्त खाते, म्हणून थोडा जास्त आणि एकाच बॅचचा घ्या. नंतर एक लिटर कमी पडला म्हणून आणलेला डबा शेड नंबर तोच असूनही किंचित वेगळा निघू शकतो.

लागणाऱ्या वस्तू: खरवडायची पट्टी, पुट्टीसाठी चार आणि आठ इंची पत्रा, वायर ब्रश, पॉलिश पेपर ८०, १२०, १८० आणि २२० नंबरचा (नंबर वाढला की पेपर बारीक), फायबरची जाळीपट्टी, ९ इंची रोलर, दोन-तीन इंची ब्रश, ट्रे, झाकणाची मोठी बादली, मास्किंग टेप, जुन्या चादरी, मास्क, गॉगल, आणि घोडा (वर उभं राहायचं लाकडी स्टँड) किंवा मजबूत शिडी. शिवाय लांब वायरचा एक एलईडी दिवा. हा दिवा कोणी यादीत लिहीत नाही पण माझ्या मते हेच सगळ्यात कामाचं हत्यार आहे, पुढे सांगते.

रोलरमध्ये पैसे वाचवू नका. स्वस्त रोलरचे केस सुटून रंगात अडकतात आणि वाळल्यावरच दिसतात.

४. खरवडणं, घासणं, धुणं

निम्म्याहून जास्त वेळ इथे जातो आणि जायलाच पाहिजे. सुटलेलं सगळं काढा. पट्टी कडेखाली घालून बघा, जे उचललं जातं ते सगळं जायला हवं, जे घट्ट बसलंय ते राहू द्या. सफेदी आणि सुकं डिस्टेंपर मात्र पूर्ण काढायचं, भिंतीवर पाणी मारून दहा मिनिटं थांबलं की ते मऊ होऊन पट्टीने निघतं आणि धूळही उडत नाही.

जुन्या घरात खालच्या तीन-चार फुटांवर ऑइल पेंटचा पट्टा असतो, आमच्याकडे पिस्ता रंगाचा होता. इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळायचा प्लास्टिक पेंट, त्यावर थेट लावलं तर नखाने सोलून निघतं. त्याची चमक पूर्ण जाईपर्यंत घासा. पण कोरडं घासू नका, पेपर ओला करून घासा. आपल्याकडे घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नको हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असण्याची शक्यता बरीच असते. ती धूळ लहान मुलांसाठी फार वाईट. मास्क लावा, मुलांना आणि गरोदर बाईला त्या खोलीत येऊ देऊ नका, आणि शेवटी झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसून घ्या.

देव्हाऱ्यामागची काजळी आणि स्वयंपाकघरातला तेलकटपणा साबणाच्या कोमट पाण्याने दोनदा धुवा, मग साध्या पाण्याने. बुरशीचे काळे ठिपके असतील तर एक भाग ब्लीच तीन भाग पाणी, पंधरा मिनिटं ठेवून धुवून टाका. ब्लीचमध्ये संडास साफ करायचं अ‍ॅसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. काजळीचे पिवळे डाग धुऊनही राहिले तर त्या जागी ऑइल बेस प्रायमर (प्रायमर म्हणजे रंगाआधी द्यायचा अस्तराचा हात) लागेल, पाण्याच्या प्रायमरमधून ते परत वर येतात.

५. भेगा आणि पोकळ प्लास्टर

केसासारख्या बारीक भेगेवर नुसती पुट्टी फिरवली तर ती महिन्यात परत दिसते. पट्टीच्या टोकाने भेग इंग्रजी व्हीसारखी उघडा, धूळ ब्रशने काढा, ओलसर करा, मग भरा. जरा मोठी असेल तर वर जाळीपट्टी.

विटांच्या जोडाप्रमाणे पायऱ्या-पायऱ्यांनी तिरकी जाणारी भेग असेल तर मात्र रंगाचं काम थांबवा. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा, दोन-तीन महिन्यांनी बघा. पुढे सरकली असेल तर इंजिनिअरला दाखवा.

खडूने गोल केलेलं पोकळ प्लास्टर छोटं असेल आणि हलत नसेल तर आम्ही राहू दिलं. हलत असेल तर पाडून गवंड्याकडून नवीन करून घ्या. आणि इथे घाई करू नका, नवीन सिमेंटच्या पॅचला किमान २८ दिवस द्या, पहिला आठवडा रोज पाणी मारून. ताज्या सिमेंटमधला क्षार रंग खातो आणि तेवढ्याच जागी फिक्कट चट्टा पडतो.

६. पुट्टी

पुट्टी दोन प्रकारची आणि दोघींचा क्रम वेगळा, इथे फार लोक चुकतात. व्हाइट सिमेंटची पुट्टी उघड्या, ओलसर केलेल्या प्लास्टरवर थेट लागते, खाली जुना रंग किंवा प्रायमर असेल तर ती धरत नाही. अ‍ॅक्रिलिक पुट्टी आधी प्रायमर, मग पुट्टी, मग परत प्रायमर अशी लागते. तुमच्या भिंतीवर जुना घट्ट रंग ठिकठिकाणी राहिला असेल तर अ‍ॅक्रिलिकच घ्या. ती पाण्याला कच्ची असते, त्यामुळे ओलीच्या जागी वापरू नका.

सिमेंटची पुट्टी कालवताना पाण्यात पावडर टाका, उलटं नाही, गुठळ्या होत नाहीत. दोन-तीन तासांत संपेल एवढीच कालवा. घट्ट व्हायला लागली की पाणी घालून परत सैल करायची सवय बऱ्याच जणांना असते, तशी पुट्टी नंतर पिठासारखी भुरभुरते.

दोन पातळ हात द्या, पहिला खालून वर, दुसरा आडवा. दोन्ही मिळून दीड मिलिमीटरच्या आत. खोल खड्डा पुट्टीने एका दमात भरू नका, तडकतो.

आणि आता तो दिवा. पुट्टी वाळल्यावर रात्री खोलीतले सगळे दिवे बंद करा, एलईडी भिंतीला अगदी चिकटून धरा म्हणजे उजेड भिंतीवरून आडवा सरपटत जाईल. दिवसा सपाट वाटणारी भिंत अशा उजेडात खाचखळग्यांची दिसते. पेन्सिलने खुणा करत जा, सकाळी तेवढंच भरा आणि १८० ने, शेवटी २२० ने गोल गोल हात फिरवून घासा. आम्ही मागच्या खोलीतल्या एका भिंतीवर हे तीन रात्री केलं. कंटाळा येतो, दीर तर म्हणाला "वहिनी, पुरे आता", पण आज संध्याकाळी दिवा लागला की ती भिंत बघून दोघांनाही बरं वाटतं.

घासून झाल्यावर धूळ मऊ ब्रशने आणि किंचित ओल्या फडक्याने काढा. धुळीवर लावलेला प्रायमर धुळीलाच चिकटतो.

७. प्रायमर, पूर्ण भिंतीला

भिंतीची तहान सारखी करणारी पायरी हीच. फक्त पुट्टीच्या जागी प्रायमर मारून पैसे वाचवायचे नाहीत, आमच्या पहिल्या वेळी नेमकं तेच झालं होतं, बुजवलेल्या भोकांवर तर तोही नव्हता. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंत. पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच, मग मोजूनच घाला. जास्त पातळ केलेला प्रायमर म्हणजे पांढरं पाणी.

वाळल्यावर परत आडवा दिवा. काही दिसलं तर बारीक पुट्टी, घासणं आणि त्या जागी परत प्रायमर. मग वरची पाणी शिंपडायची तपासणी पुन्हा करा. सगळीकडे पाणी सारखंच वागलं की भिंत तयार. नाही वागलं तर प्रायमरचा दुसरा हात द्या, तो रंगाच्या तिसऱ्या हातापेक्षा स्वस्त पडतो.

८. रंगाचे दोन हात

जुन्या भिंतीला मॅट घ्या. चमक असलेला रंग धुवायला सोपा असतो पण प्रत्येक उंचवटा दाखवतो. गडद शेडही तसंच करते.

सगळे डबे मोठ्या बादलीत एकत्र ओता आणि नीट ढवळा, म्हणजे डब्या-डब्यातला फरक संपला. पाणी एकाच मापाच्या मगाने, दोन्ही हातांना सारखं, आणि कागदावर लिहून ठेवा.

आधी छत, मग भिंती. पंखा बंद आणि भिंतीवर थेट ऊन येत असेल तर पडदा ओढलेला, कारण लावताना रंग ओला राहायला हवा. दोन माणसं असतील तर काम फार सोपं होतं: एकाने कोपरे आणि कडा ब्रशने दोन-अडीच इंच करत पुढे जायचं, दुसऱ्याने लगेच मागून रोलर. सगळ्या खोलीच्या कडा आधी करून ठेवल्या तर त्या वाळतात आणि मग फोटोफ्रेमसारखी चौकट दिसते.

रोलर दोन-तीन फूट रुंद पट्ट्यात आधी तिरका फिरवून रंग पसरवा, मग न दाबता वरून खाली एकाच दिशेने सरळ. पुढचा पट्टा आधीच्या ओल्या कडेवर थोडा चढला पाहिजे. अर्धवट वाळलेल्या रंगावर "इथे जरा राहिलंय" म्हणून परत रोलर नेऊ नका, तिथे हमखास खरखरीत डाग पडतो, राहिलेलं दुसऱ्या हातात झाकलं जातं. आणि भिंत सुरू केली की संपवूनच उठायचं. आम्ही एका भिंतीच्या मध्यावर जेवायला उठलो, तो जोड दुसऱ्या हातानंतरही पुसट दिसत होता आणि शेवटी तिसरा हात द्यावा लागला.

दोन हातांमध्ये किमान चार तास, थंडीत तर रात्रभर. ओला असताना पॅच दिसले तर घाबरू नका, पूर्ण वाळेपर्यंत भिंतीबद्दल काही मत बनवू नका.

९. पेंटरकडून करून घेणार असाल तर

नुसता "पुट्टी-पेंट" असा भाव ठरवू नका. पुट्टी कुठली आणि किती हात, प्रायमर पूर्ण भिंतीला की नाही, रंगाचे किती हात, हे कागदावर लिहून दोघांनी सही करा. सामान शक्यतो तुम्ही आणा आणि सीलबंद डबे तुमच्यासमोर उघडू द्या. पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि प्रायमरनंतरचा टप्पा आडवा दिवा लावून दोघांनी मिळून बघितल्यावरच द्या. चांगल्या कारागिराला याचा राग येत नाही. आम्ही स्वयंपाकघर ज्यांच्याकडून करून घेतलं ते काका तर दिवा बघून म्हणाले, "द्या इकडे, मीच बघतो."

१०. नंतर डाग दिसलाच तर

ब्रशने तेवढ्याच जागी टचअप केलं की डाग अजून उठून दिसतो. त्या जागी प्रायमर लावा, वाळू द्या, आणि मग ती पूर्ण भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक हात परत मारा. बाकीच्या भिंतींना हात लावायची गरज नसते, कोपऱ्यात फरक कळत नाही.

उरलेला रंग छोट्या घट्ट झाकणाच्या डब्यात काठोकाठ भरून ठेवा, अर्ध्या रिकाम्या मोठ्या डब्यात तो लवकर साय धरतो. झाकणावर शेड नंबर, बॅच, कुठली खोली, पाणी किती घातलं होतं आणि तारीख मार्करने लिहून ठेवा.